खरी नक्कल

माझ्या टेबलावर चार रबरी शिक्के आहेत. 'रोख दिली', 'खात्यात जमा', 'रद्द' आणि 'खरी नक्कल'. पहिल्या तिघांशी माझं भांडण नाही. चौथ्यावर मात्र मी गेली वीस-बावीस वर्षं विचार करतो आहे. नक्कल आहे तर ती खरी कशी, आणि खरी असेल तर तिला नक्कल का म्हणायचं? शेतकरी सातबाऱ्याची झेरॉक्स आणतो. तिचा एक कोपरा मशीनने खाल्लेला असतो, दुसऱ्या कोपऱ्यावर चहाचा गोल उमटलेला असतो, आणि मधे नेमका सर्व्हे नंबर पुसट. तरी मी मूळ कागद बघतो, झेरॉक्स बघतो, शेतकऱ्याच्या तोंडाकडे बघतो आणि शिक्का मारतो. झाली ती खरी! आमच्या खात्यात सत्य हे शाईच्या पॅडवर अवलंबून असतं.

हा शिक्का मला आठवला तो आमच्या हेडकॅशियरसाहेबांमुळे. त्यांना सिनेमाचा नाद आहे आणि त्यांचं सिनेमाविषयीचं मत कायमचं ठरलेलं आहे. सोमवारी सकाळी तिजोरीची किल्ली फिरवता फिरवता ते म्हणतात, "बरा होता. पण पुस्तकाची सर नाही." 'नटरंग' पाहिला, पुस्तकाची सर नाही. 'शाळा' पाहिला, पुस्तकाची सर नाही. २०१६ साली 'सैराट' पाहून आले आणि सवयीने तेच म्हणाले. मी विचारलं, "साहेब, कोणत्या पुस्तकाची?" ते क्षणभर थांबले, पाचशेच्या गड्डीला रबर लावलं आणि म्हणाले, "असेलच की एखादं."

तेव्हा पुस्तकांवरून निघालेल्या मराठी चित्रपटांचा थोडा हिशेब मांडावा, असं मी ठरवलं. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, साहित्याचा नव्हे. त्यामुळे टीका चुकली तर चुकली, बेरीज चुकणार नाही.

खातं फार जुनं आहे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२३ साली 'सिंहगड' काढला तो हरि नारायण आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवरून. तेव्हा चित्रपट बोलत नव्हता. म्हणजे आपल्याकडच्या अगदी सुरुवातीच्या कादंबरी-चित्रपटांपैकी एकाने कादंबरीतले जवळजवळ सगळे शब्दच काढून टाकले होते! आज कोणी कादंबरीतला एक प्रसंग गाळला तर आपण संपादकांना पत्र लिहितो. तेव्हाच्या वाचकांची सहनशक्ती पाहा. पुढे १९२५ साली पेंटरांनी 'सावकारी पाश' काढला. तो नारायण हरि आपट्यांच्या कथेवरून. इथे वाचकांनी कृपया दोनदा वाचावं. पहिले हरि नारायण, दुसरे नारायण हरि. बाप-लेक नव्हेत, दोघं वेगळे. आमच्याकडे अशा दोन खातेदारांमुळे एका कारकुनाची वेतनवाढ थांबली होती, म्हणून मी नाव वाचून रक्कम जमा करत नाही, नंबर वाचून करतो. बाबूराव पेंटरांनी मात्र दोन्ही खात्यांवर बिनचूक व्यवहार केला.

'सावकारी पाशा'त कर्जापायी जमीन गमावून शहरात गिरणीमजूर होणाऱ्या तरुण शेतकऱ्याचं काम केलं होतं व्ही. शांतारामांनी. ते पुढे दिग्दर्शक झाले आणि १९३७ साली त्यांनी पुन्हा नारायण हरि आपट्यांचंच दार ठोठावलं. 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून त्यांनी 'कुंकू' काढला. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली नीरा त्या लग्नाला लग्न मानायलाच नकार देते, ही ती गोष्ट. आपटे मोठे दूरदर्शी. कादंबरीवरच्या चित्रपटाबद्दल वाचक पुढे शंभर वर्षं जे म्हणणार होते, ते त्यांनी आधीच पुस्तकाचं नाव म्हणून छापून टाकलं. शांताराम-शांताबाई आपटे-केशवराव दाते या मंडळींनी केलेला 'कुंकू' मी अलीकडे मोबाइलवर पाहिला. नव्वदीच्या घरातला हा चित्रपट पाहताना आमची ही स्वयंपाक सोडून उभी राहिली आणि शेवटपर्यंत उभीच राहिली. त्या रात्री आम्ही खिचडी खाल्ली. परीक्षण याहून काय करायचं?

या सगळ्या काळात आमचं निलंगा निजामाच्या राज्यात होतं. कारभाराची भाषा उर्दू. कचेरीतले 'असल', 'नक्कल', 'दस्तऐवज' हे शब्द आमच्याकडे अजून जिवंत आहेत आणि माझा चौथा शिक्काही त्यांच्याच गोतावळ्यातला. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं. १९५६ पर्यंत निलंगा तालुका बीदर जिल्ह्यात, मग उस्मानाबादेत, आणि १९८२ पासून लातुरात. माझ्या आजीने घर न बदलता तीन जिल्हे पाहिले. राज्यंही तीन पाहिली: हैदराबाद, मुंबई आणि महाराष्ट्र. शाळा मात्र तिने एकही पाहिली नाही. मुलीच्या जातीला शाळेचं नाव कोण काढतंय, अशा घरात आणि अशा काळात ती जन्मली.

आजीने आयुष्यात थेट पडद्यावर एकच चित्रपट पाहिला. तो म्हणजे 'श्यामची आई'.

पुस्तक आपल्या सर्वांना माहीत आहे. साने गुरुजींनी ते १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात मोजक्या दिवसांत लिहिलं, ते १९३५ साली छापून आलं. गुरुजी गेले १९५० ला, म्हणजे चित्रपट त्यांनी पाहिला नाही. तो काढला आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये. वनमालाबाई आई, माधव वझे श्याम. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक द्यायला सरकारने १९५४ साली सुरुवात केली आणि पहिलंच पदक या मराठी चित्रपटाला मिळालं. त्याच वेळी 'दो बिघा जमीन'ला प्रशस्तिपत्र मिळालं होतं. एका चित्रपटात श्यामचे वडील कर्जात बुडालेले, दुसऱ्यात शंभू महातो कर्जात बुडालेला. थकबाकीदारांचा देशात असा सत्कार त्यानंतर झालेला नाही. आमच्या वसुली विभागाने ही गोष्ट कृपया मनाला लावून घेऊ नये.

तर आजीने हा चित्रपट पाहिला तो माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत. आमचा तालुका बीदरमधून सुटला त्याच्या एक वर्ष अलीकडे किंवा पलीकडे. आजोबा बैल घ्यायला निघाले होते, आजीने नवस फेडायचं निमित्त काढलं आणि गाडीत बसली. जत्रेत तंबूचा सिनेमा होता. मधे पडदा, एका अंगाला बाया, एका अंगाला गडी, खाली धूळ. तंबूवाल्याकडे यंत्र एकच. एक रीळ संपलं की अंधार, मग कंदील, मग ओरडा, मग दुसरं रीळ. त्या रात्री यंत्रावरच्या माणसाने जेवणाच्या गडबडीत असो की आणखी कशाच्या, शेवटची रिळं आधी लावली आणि मधली नंतर. म्हणजे आजीच्या 'श्यामची आई'त श्यामची आई मध्यावरच वारली. बाया धाय मोकलून रडल्या. पदर ओले झाले. मग कंदील लागला, विझला, आणि पुढच्या रिळात आई पडद्यावर पुन्हा उभी! श्यामला न्हाऊ घालते आहे, त्याला रागावते आहे, जवळ घेते आहे. तंबूत बायांनी म्हणे टाळ्या वाजवल्या. कोणीतरी खंडोबाचा येळकोट केला.

आजीला ही चूक वाटलीच नाही. तिचं म्हणणं असं, की आई हीच वस्तू तशी आहे. जाते आणि येते. हा चित्रपट तिने आम्हा नातवंडांना किती वेळा सांगितला असेल! छडीचं गाणं म्हणून दाखवायची, पितांबराचं गाणं म्हणून दाखवायची, आणि शेवट नेहमी तोच. आई परत येते.

मी आठवीत होतो तेव्हा, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटं कमी असताना भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले. माणसं दमून झोपलेली. किल्लारी औसा तालुक्यात, आमच्या शेजारीच. आमच्या तालुक्यातली गावंही पडली. दगडमातीच्या भिंती आणि वर माळवदाचं ओझं, अशा घरांत हजारो माणसं झोपेत गेली. माझी आत्या त्यांत गेली. तिचा नऊ वर्षांचा मुलगा आजोळी म्हणून आमच्याकडे आला. आमचं घर उभं होतं, पण भिंतीतून हात जाईल एवढी भेग पडलेली. त्यामुळे आम्ही सगळे अंगणात पत्र्याच्या आडोशाखाली झोपायचो. वरून पाऊस, खालून ओल, आणि दर दोन-तीन दिवसांनी जमीन थोडी हलून आपली आठवण द्यायची.

मदतीचे ट्रक यायचे. त्यांत कपडे, भांडी, बिस्किटं. एका खोक्यात पुस्तकं निघाली. कोणी पाठवली देव जाणे. त्यात 'श्यामची आई' होतं. मी ते उघडलं तर काय, प्रकरणांना नावं आहेत 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी. शाळा बंदच होती. मी रोज रात्री कंदिलाजवळ एक रात्र वाचायला सुरुवात केली.

पहिल्याच दिवशी आजीने अडवलं. "काय वाचूलालास रं?"

"श्यामची आई, आज्जी."

"मग छडीचं गाणं कुठंय?"

"पुस्तकात गाणं नाही."

"पितांबराचं?"

"तेही नाही."

"मंग अर्धवट पुस्तक दिलेत तुला. बदलून आण."

मी तिला समजावलं, की पुस्तक आधीचं, गाणी अत्र्यांनी चित्रपटासाठी केली. तिला ते काही पटलं नाही. तिच्या दृष्टीने असल माल तंबूत पाहिलेला होता. हे पुस्तक म्हणजे कोणा घाईतल्या कारकुनाने त्यावरून केलेली नक्कल, आणि तीही गाळलेली. हेडकॅशियरसाहेब म्हणतात पुस्तकाची सर नाही, आजी म्हणाली, "पिच्चरची सर न्हाई बाबा ह्येला."

पण ऐकायची रोज. आणि आत्याचा मुलगा तर वाचन सुरू झालं की सरकत सरकत कंदिलापर्यंत यायचा. दिवसभर तो कोणाशी बोलत नसे. रात्री मात्र "मग?" म्हणायचा. त्याचा तो 'मग' ऐकायला घरातली मोठी माणसंही उगाचच जवळपास काही काम काढून बसायची.

मी दुपारी चोरून पुढची पानं वाचायचो. त्यामुळे शेवट काय आहे ते मला आठ दिवस आधी कळलं. आई मरते, श्याम पोचतो तोवर उशीर झालेला असतो, आणि ती काही परत येत नाही. मी आजीला विहिरीपाशी गाठून हळूच सांगितलं. ती घागर घासत होती. म्हणाली, "मी बघितलंय. येती."

"आज्जी, पुस्तकात नाही येत."

ती बराच वेळ काही बोलली नाही. शेवटी घागर उपडी घालून म्हणाली, "मंग तंबूत दावलं तसं वाच."

त्या रात्री मी शेवटची प्रकरणं वाचली. मधलं बरंच काही मागे सोडून, मधूनच. आई गेली. आजी तोंडाला पदर लावून बसली होती आणि पदराआडून माझ्याकडे रोखून बघत होती. आत्याच्या मुलाने "मग?" म्हटलं नाही. आणि दुसऱ्या रात्री मी जणू काही झालंच नाही अशा आवाजात मागे राहिलेल्या रात्री वाचायला घेतल्या. आंघोळ झाल्यावर श्यामच्या तळपायांना माती लागू नये म्हणून आई दगडावर आपलं ओलं लुगडं पसरते, तो प्रसंग मी सगळ्यांत शेवटी ठेवला होता. आमच्या घरापुरतं पुस्तक तिथे संपलं. पोरगं झोपलं होतं. आजी म्हणाली, "हां. आता बरुबर झालं."

असो. बँकेच्या भाषेत सांगायचं तर मी त्या आठवड्यात मूळ दस्तऐवजात खाडाखोड केली. लेखापरीक्षकांनी नोंद घ्यावी.

मग पुढे आम्ही कॉलेजात गेलो, कादंबऱ्या वाचू लागलो आणि चित्रपटांना नावं ठेवायची शिष्ट सवय आम्हालाही लागली. जब्बार पटेलांचा 'सिंहासन' १९७९ चा. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या एका पटकथेत बसवण्याचं काम तेंडुलकरांनी केलं. दोन खात्यांचं विलीनीकरण करताना किती कागद गहाळ होतात ते मला माहीत आहे, म्हणून तेंडुलकरांना माझा नमस्कार. आमच्या गावात मात्र 'सिंहासन'कडे कोणी साहित्यकृती म्हणून पाहत नाही. १९८५ साली शिवाजीराव पाटील निलंगेकर मुख्यमंत्री झाले आणि गावाचं नाव मुंबईच्या वर्तमानपत्रांत रोज छापून येऊ लागलं. तेव्हापासून निलंग्याचा प्रत्येक माणूस मंत्रिमंडळाच्या विषयातला जाणकार आहे. पानटपरीवर आजही 'सिंहासन'मधल्या चुका दाखवल्या जातात. "असं नसतंय हो आतमधी." आतमधी गेलेला त्यांत एकही नसतो.

अण्णा भाऊ साठ्यांच्या कादंबऱ्यांवरही चित्रपट निघाले. 'वैजयंता' १९६१ ला, 'फकिरा' १९६३ ला. दीड दिवस शाळेत गेलेल्या माणसाने लिहावं, आणि ज्यांना तेवढेही दिवस मिळाले नाहीत त्यांनी ते पडद्यावर वाचावं! कोणाला सर आहे आणि कोणाला नाही याचा निवाडा इथे हेडकॅशियरसाहेबांनाही जड जाईल.

माझा सर्वांत आवडता मात्र 'बनगरवाडी'. व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी १९५५ ची, अमोल पालेकरांचा चित्रपट १९९५ चा. मधली चाळीस वर्षं ती कादंबरी नुसती मुदतठेवीत पडून होती, पण व्याज पाहा काय आलंय. माणदेशातली धनगरांची वाडी, तिथे आलेला एक पोरसवदा मास्तर, आणि शेवटी दुष्काळ. माणसं एकेक करून निघून जातात. त्यात कोणी मोठ्याने रडत नाही. आमच्या मराठवाड्यातल्या माणसाला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बहात्तरच्या दुष्काळात वडील खडी फोडायला गेले होते. चित्रपट संपल्यावर ते एवढंच म्हणाले, "मेंढरं चांगली दाखवलीत." पालेकरांबद्दल मला आणखी एक आपुलकी आहे. नट होण्याआधी ते बँकेत कारकून होते. आमच्या शाखेत ही गोष्ट मी नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतो. त्यामुळे त्याला वाटतं की आपलंही काही होऊ शकेल, आणि निदान पहिला महिना तो मन लावून काम करतो.

अलीकडच्यांचं थोडक्यात सांगतो. राजन गवसांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांवरून राजीव पाटलांनी २००९ साली 'जोगवा' केला. ज्यांच्याकडे पाहून आपण रस्त्याने मान वळवतो, त्यांच्याकडे दोन तास सरळ बघायला लावणारा चित्रपट. आनंद यादवांच्या 'नटरंग'चं दुखणं वेगळं आहे. रवी जाधवांनी चित्रपट चांगला केला, अतुल कुलकर्णींनी अंग कमावलं आणि गमावलं, पण अजय-अतुलची गाणी इतकी चांगली झाली की नाच्याचं काम करणाऱ्या गुणाचं दुःख आमच्याकडे वरातीत वाजू लागलं. लोक त्या दुःखावर हातात रुमाल धरून नाचतात. यादवांची कादंबरी वाचलेल्या माणसाने अशा वेळी जेवणाच्या पंगतीकडे निघून जावं. 'दुनियादारी'बद्दल मी बोलणार नाही. सुहास शिरवळकरांची ती कादंबरी मी कॉलेजात असताना ग्रंथालयातून तीनदा नेली आणि तिसऱ्यांदा परत करताना दंड भरला. त्या दंडाच्या पावतीला जो वास होता, तो २०१३ च्या चित्रपटातल्या रंगीबेरंगी शर्टांना नाही. हे परीक्षण नव्हे, हा मत्सर आहे.

'नटसम्राट'ने मात्र आमच्या शाखेत खळबळ उडवली. शिरवाडकरांचं नाटक १९७० चं. महेश मांजरेकरांचा चित्रपट आला २०१६ च्या एक जानेवारीला. अप्पासाहेब बेलवलकर सगळं मुलांना वाटून टाकतात आणि रस्त्यावर येतात, हे नाना पाटेकरांनी असं काही दाखवलं की पुढचे पंधरा दिवस आमच्याकडे ज्येष्ठ नागरिकांची रांग. ठेवीवरचं नाव बदला, पोराचं काढा! एका आजोबांनी पोराचं काढून सुनेचं घातलं. मी विचारलं, "असं का?" ते म्हणाले, "पिच्चरमधी पोरगं बघितलं न्हवं?" या चित्रपटात विक्रम गोखल्यांचा रामभाऊ हा मित्र नाटकात नाही, चित्रपटवाल्यांनी नव्याने घातलेला. मूळ प्रतीत नसलेली ही नोंद, आणि मला विचाराल तर सगळ्यांत खरी तीच. दोन म्हातारे नट एकमेकांसमोर बसून बोलतात तेवढा वेळ तिकिटाचे पैसे वसूल. अशा नकलेवर मी डोळे झाकून शिक्का मारीन.

एक तक्रार आहे ती याच निमित्ताने नोंदवून ठेवतो. मराठी चित्रपटातला खेडूत कायम कोल्हापूरकडचं बोलतो. त्याचं कारण सरळ आहे. बाबूराव पेंटरांची कंपनी कोल्हापूरची, 'प्रभात'चा जन्म कोल्हापूरचा, नट तिथले, गुऱ्हाळं तिथली. ऊसही तिथला. आम्ही वाट पाहतो आहोत. आमच्या लातूर तालुक्यातल्या काटगावचे रा. रं. बोराडे. त्यांनी १९७१ साली 'पाचोळा' लिहिली. एका शिंप्याचं घर कसं उसवत गेलं ते त्याची बायको सांगते, आमच्या बोलीत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. बोराडे सर २०२५ च्या फेब्रुवारीत गेले. मध्यंतरी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तिला 'पाचोळा' वाचून दाखवली. पट्टी बांधलेल्या डोळ्यांनी तिने पंचवीस-तीस पानं ऐकली आणि विचारलं, "हा कुठं लागलाय रं?" मी म्हटलं, अजून कुठेच नाही. "मग लागल्यावर ने मला," ती म्हणाली.

आणि मग २०२३ च्या नोव्हेंबरात 'श्यामची आई' पुन्हा आला. या वेळी सुजय डहाक्यांचा. 'शाळा' करणारे तेच. साने गुरुजींच्या भूमिकेत ओम भूतकर. आणि चित्रपट कृष्णधवल! १९५३ साली तो नाइलाज होता, २०२३ साली ती हौस. (या हौसेला पुढे २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला.) आम्ही लातूरला पाहायला गेलो. आमची ही, मुलगा, मी, आणि आत्याचा मुलगा. तो आता चाळिशीला टेकलाय, लातुरातच ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो. आजी जाऊन बरीच वर्षं झाली.

चित्रपट मला आवडला. थोडा सोवळ्यात ठेवल्यासारखा आहे, कुठे कुठे दम खात चालतो. पण ज्याच्यावर सत्तर वर्षांपूर्वी आचार्य अत्र्यांनी सही करून ठेवली आहे अशा कागदाला पुन्हा हात घालायचा म्हणजे धाडसच. कर्जाचा विषय निघाला आणि मी खुर्चीत जरा खाली सरकलो. गेली काही वर्षं माझ्याकडे वसुलीचंही काम आहे. मराठी साहित्यात आमच्या वर्गाविषयी कोणी बरं लिहिलेलं नाही. 'सावकारी पाशा'पासून आजपर्यंत आम्ही दारात उभे राहून अपमान करणारे लोक आहोत. मी सरकतोय तोच मागच्या रांगेतून खांद्यावर हात पडला. वळून पाहतो तर आमचे एक पीककर्जाचे खातेदार, तीन हंगामांचे थकबाकीदार. हलकेच म्हणाले, "साहेब, तुमचा सीन आला."

मध्यंतरात त्यांनीच आम्हाला पॉपकॉर्न घेऊन दिलं. नको म्हटलं तर ऐकेनात. ते खाल्लं ते नियमात बसतं का, हे मी अजून कोणाला विचारलेलं नाही.

शेवट झाला. दिवे लागले. लोक नाक पुसत उठले. आमचा मुलगा मोबाइल काढून उभा राहिला, हिने पर्स घेतली, मागचे थकबाकीदार पायऱ्या उतरून गेले. पडद्यावर नावं सरकत होती. आत्याचा मुलगा तसाच बसून होता, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर.

मी म्हटलं, "चल रं, संपला."

तो पडद्याकडेच बघत म्हणाला, "थांब की. एखादं रीळ राहिलं असंल."

झाडूवाला आमच्या रांगेशी येईपर्यंत आम्ही दोघं बसून राहिलो.